डक्ट टेपची गोष्ट

मुलीकडे सॅक्रामेंटोला गेलो तेव्हा माळ्यावरच्या डक्टची चंदेरी टेप सुटून लोंबत होती. एसीची थंड हवा सगळी माळ्याला! नावच डक्ट टेप, मग सुटली कशी?

पण ती मुळात डक्टसाठी नव्हतीच. १९४३ साली इलिनॉयच्या दारूगोळा कारखान्यातल्या व्हेस्टा स्टाउट यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिलं: काडतुसांच्या खोक्यांवर कापडी चिकटपट्टी लावा, कागदी पट्टी ऐनवेळी फाटते. त्यांचे दोन मुलगे नौदलात होते, आईच ती. युद्धानंतर तीच टेप चंदेरी होऊन डक्टवर चढली. १९९८ मध्ये बर्कलेच्या प्रयोगशाळेत गरम-थंड हवेच्या चाचणीत मात्र सपशेल हरली.

आम्ही सांध्यांना मॅस्टिकचा लेप दिला, वर इन्सुलेशन गुंडाळलं. आपल्या बी विंगच्या गळक्या पाइपला मात्र अजून तीच टेप आहे.