अल्बर्टला पुन्हा रडवायची गरज नाही

बालभीतीवरचा मूळ प्रयोग आज पुन्हा करता येत नाही, नीतिनियमांनी संशोधकांचे हात बांधले आहेत. म्हणून भीती शिकवता येते हा त्याचा निष्कर्ष इतर संस्कृतींतल्या मुलांना लागू पडतो की नाही, हे कायमचे अनिर्णित राहणार, असे मत जाणकारही मांडतात. हे मत उथळ नाही. पुनरावृत्तीवाचून शास्त्र उभे राहत नाही आणि एका अमेरिकी बाळावरून साऱ्या मानवजातीविषयी बोलू नये, ही त्यामागची दोन्ही तत्त्वे मला मान्य आहेत. त्यांवरून काढलेले हे अनुमान मुळीच मान्य नाही.

मुळात तो प्रयोग होता कसा? १९२० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात जॉन वॉटसन आणि रोझली रेनर सांगतात: अकरा महिन्यांच्या अल्बर्टने पांढऱ्या उंदराला हात लावला, की मागे पोलादी दांडीवर हातोडा हाणायचा. सात वेळा हे झाल्यावर नुसता उंदीर पाहून मूल रडू लागले. ती भीती सशावर आणि कुत्र्यावरही आपोआप पसरली, असे पाठ्यपुस्तके शिकवतात. पण पुढे ससा आणि कुत्रा समोर असतानाही दांडी वाजवली गेली होती, हे त्याच निबंधात नमूद आहे. अंगठा तोंडात असला की बाळ निर्धास्त राही. हवी ती प्रतिक्रिया मिळेपर्यंत तो अंगठा पुन्हा पुन्हा बाहेर काढावा लागला. तुलनेला दुसरे मूल नव्हते. हे सारे जसेच्या तसे पुन्हा केले, तरी सिद्ध काय होणार?

आणि नियम नव्हते तेव्हा तरी निकाल लागला का? १९३४ साली एल्सी ब्रेगमन यांनी लाकडी आकार आणि कापडाचे तुकडे घेऊन पंधरा बाळांवर असाच प्रयत्न केला. भीती जडली नाही. अडचण नियमांची नव्हती, प्रयोगाची होती.

उलट, उत्तरे मिळाली ती बाळाला न रडवता. १९८५ साली जेम्स सॉर्स आणि सहकाऱ्यांनी वर्षभराच्या बाळांना काचेवर ठेवले. काचेखाली सुमारे फूटभर खोलीचा भास, पलीकडे आई. कडेशी आलेले बाळ थबके आणि आईचा चेहरा पाही. आई हसरी असताना १९ पैकी १४ बाळे पलीकडे गेली. तिने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही नाही. भीती चेहऱ्यावरून शिकली जाते, तशीच शब्दांतूनही. नाहीतर कोणीच न पाहिलेल्या बागुलबुवाला मराठी मुले का भ्याली असती?

राहिला संस्कृतीचा मुद्दा. तिथे तर हुबेहूब नक्कल हाच दोष ठरतो. अनोळखी खोलीत बाळाला क्षणभर एकटे ठेवण्याची अमेरिकी चाचणी जपानमध्ये नेली, तेव्हा अनेक बाळे अनावर रडली. केइको ताकाहाशी यांनी दाखवून दिले की तिथल्या बाळांना एकटे राहण्याची सवयच नसते. चाचणी तीच होती. तिने मोजले मात्र वेगळेच.

म्हणून पद्धत त्या त्या घराप्रमाणे बदलावी लागते. आजीच्या मांडीवर वाढलेले बाळ त्या काचेच्या कडेशी थबकले, तर आईकडे पाहील की आजीकडे? हे तपासण्याच्या आड कोणता नीतिनियम येतो?