१२३४५६७८९८७६५४३२१ : एका संख्येचे गुणधर्म, वर्गीकरण व इतिहास

प्रस्तावना

संख्येचे गुणधर्म दोन प्रकारचे असतात : काही संख्येचे स्वतःचे, तर काही तिच्या लेखनपद्धतीचे. गणितज्ञांनी पहिल्यांना महत्त्व दिले व दुसऱ्यांची गणना मनोरंजनात केली. १२३४५६७८९८७६५४३२१ या सतरा अंकी संख्येच्या आधारे या विभागणीचा ऐतिहासिक विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अंगभूत गुणधर्म

ही संख्या १११११११११ चा वर्ग आहे. तिचे मूळ अवयव ३, ३७ व ३३३६६७ हे असून त्यांचे घात अनुक्रमे ४, २ व २ आहेत. त्यामुळे तिला एकूण ४५ विभाजक आहेत. स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी भरत असल्याने ती न्यून संख्यांत मोडते. ती कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी हे गुणधर्म कायम राहतात.

लेखनाश्रित गुणधर्म

दशमान पद्धतीत ही संख्या उलटसुलट सारखीच वाचली जाते. तिच्या अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने तिला निःशेष भाग जातो. देवळाली येथील शाळेत १९३० ते १९६२ या काळात अध्यापन करणारे द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी अशा संख्यांना 'हर्षद' हे नाव दिले. केवळ एक हा अंक असलेल्या संख्यांच्या वर्गांचा समावेश त्यांनी 'डेमलो' संख्यांत केला. हे नाव रेल्वे स्थानकावरून घेतलेले आहे. १९३९ साली के. आर. गुंजीकर व कापरेकर यांचा डेमलो संख्यांवरील लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हा आकृतिबंध नऊ एककांपर्यंतच टिकतो. दहा एककांच्या संख्येचा वर्ग करताना मधल्या स्थानी दहा येतात, हातचा पुढे जातो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ हे उत्तर मिळते. सममिती भंगते, कारण तिचा आधार दहा हा पाया आहे.

पूर्वपरंपरा

राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यात २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ हा गुणाकार आढळतो. येथील गुण्य ५२९१ चा व गुणक २१ चा वर्ग असून गुणाकार १११११११ नव्हे, तर १११११११ पेक्षा एक एकक कमी असलेल्या ११११११ चा वर्ग आहे. १२३४५६७९ × ९ = १११११११११ हे उदाहरणही त्याच ग्रंथात आहे. मात्र १२३४५६५४३२१ ही संख्या हर्षद नाही; तिच्या अंकांची बेरीज ३६ ही सम आहे, तर संख्या विषम. अशा संख्यांना महावीराचार्यांनी कंठाभरणाची उपमा दिली. स्थानमूल्य व शून्य अंगवळणी पडल्याशिवाय हे सौंदर्य दिसणे शक्य नव्हते.

निष्कर्ष

जी. एच. हार्डी यांनी १९४० साली अंकांच्या अशा चमत्कृतींना कोड्यांच्या सदरात स्थान दिले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने त्यांचा आक्षेप समजण्याजोगा आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने तो अपुरा ठरतो. लेखनाश्रित गुणधर्म संख्येबद्दल थोडे सांगत असले, तरी ती लिहिणाऱ्या समाजाच्या गणनपद्धतीचा तो पुरावा असतो. महावीराचार्य व कापरेकर यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना हा भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे.