साडेनऊचा रविवार
28 मार्च 2020 रोजी, टाळेबंदी लागू होऊन तीन दिवस झाले असताना, दूरदर्शनने रामानंद सागर यांचे 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. 1987 साली जी मुले आठ-दहा वर्षांची होती, ती आता चाळिशीत होती आणि त्यांच्या शेजारी त्यांचीच मुले बसली होती. मालिका सुरू होताच अनेकांना गहिवरून आले. दोन-चार भागांनंतर मात्र दुसरा सूर निघाला: किती संथ आहे हे! एक बाण सुटायला एवढा वेळ, एक वाक्य उच्चारले की सभेतल्या प्रत्येकाचा चेहरा आळीपाळीने समोर. मग याचा सोपा अर्थ लावला जातो. लहानपणी आपण भाबडे होतो, पाहायला दुसरे काही नव्हते, म्हणून ते आवडले. आता डोळे तयार झाले, म्हणून त्यातले कच्चेपण कळते. हा अर्थ मला पटत नाही. तो संथपणा त्या काळच्या एकत्र पाहण्याच्या रिवाजातून आलेला आहे, आणि तो रिवाज मोडल्यानंतर मालिका पाहणे म्हणजे मांडव उतरवल्यावर लग्नाचे चित्रीकरण पाहण्यासारखे आहे.

हा रिवाज फार जुना नव्हता आणि फार टिकलाही नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. 1982 मध्ये रंगीत प्रक्षेपण आणि राष्ट्रीय कार्यक्रम आले, पुढच्या वर्षी इन्सॅट-1बी उपग्रह अवकाशात गेला आणि लहान शहरांत प्रक्षेपण केंद्रे उभी राहू लागली. म्हणजे टीव्ही गावोगाव पोहोचला होता, पण घरोघर पोहोचला नव्हता. चाळीत, वाड्यात, आळीत एखाद्याच घरी संच असे. 25 जानेवारी 1987 च्या रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' सुरू झाले, तेव्हा ते एका घराचे दार सर्वांसाठी उघडे ठेवून पाहिले गेले. मुले जमिनीवर, म्हातारी माणसे खुर्चीवर, उशिरा आलेले उंबऱ्यात आणि खिडकीत. अंघोळी आटोपून, स्वयंपाकाची घाई आधीच उरकून लोक बसत. कुठे संचाला हार घालत, उदबत्ती लावत. रस्ते ओस पडत. मालिका 31 जुलै 1988 ला संपली, तेव्हा तिचे 78 भाग झाले होते. उत्तरकांड दाखवले जात नाही म्हणून जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. रामकथेतल्या वाल्मीकींना आपले मानणाऱ्या माणसांना कथा मध्येच थांबलेली सहन झाली नाही, आणि ती मागणी पुढे 'उत्तर रामायण' होऊन पडद्यावर आली. प्रेक्षकांनी कथेवर असा हक्क सांगितल्याचे उदाहरण आपल्या दूरचित्रवाणीच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

आता संथपणाकडे येऊ. सागर यांना वेग जमत नव्हता, असे म्हणायला जागाच नाही. 'आँखें' हा 1968 सालचा हेरगिरीचा धावता चित्रपट त्यांचाच. 'रामायण'च्या अगदी आधी, 1985 मध्ये आलेली 'विक्रम और बेताल' ही मालिकाही त्यांच्याच निर्मितीसंस्थेची. तिच्यात विक्रम झाले होते अरुण गोविल, म्हणजे पुढचे रामच. वेताळ खांद्यावर बसतो, गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो, राजा बोलतो आणि वेताळ झाडावर परत. सारे एकाच भागात उरकते. तीच निर्मितीसंस्था, तोच नट, जवळपास तोच काळ. तरीही दोन मालिकांच्या चालीत बैलगाडी आणि घोड्याइतका फरक आहे. हा फरक ठरवून केलेला होता असेच मानावे लागते. वेताळाची गोष्ट ऐकणाऱ्याला शेवट ठाऊक नसतो, म्हणून ती पुढे पळते. रामाची गोष्ट प्रत्येकाला आधीच ठाऊक असते, म्हणून तिला पळायचे कारणच नसते. पुढे काय होणार हे पाहायला कोणी आलेले नसते. ते घडताना आपण तिथे असावे, एवढ्यासाठी माणसे आलेली असतात. अमेरिकन अभ्यासक फिलिप लुटगेनडॉर्फ यांनी या मालिकेवर लिहिताना रामलीला, कथावाचन आणि दर्शन यांच्याशी तिचे नाते जोडले, ते याच कारणाने. पडद्यावर चेहरा बराच वेळ समोरासमोर राहतो, कारण भक्ताला देव समोरून पाहायचा असतो. यात मी एक साधी व्यावहारिक गोष्ट जोडीन: लहान पडदा, त्यात अनेक ठिकाणी कृष्णधवल, समोर वीस-पंचवीस माणसे, मागच्याला दिसावे म्हणून वाढवलेल्या माना, कुठे रडणारे मूल. अशा खोलीत एक वाक्य चुकले तरी कथा हातची जाऊ नये, म्हणून तेच दु:ख तीन चेहऱ्यांवर दाखवणे उपयोगाचेच होते. मधल्या मोकळ्या जागेत आजी नातवाला सांगत असे की ही मंथरा, हिच्यामुळे पुढचे सगळे घडले. आज त्या जागा रिकाम्या वाटतात, कारण त्या भरणारी आजी तिथे नाही.

मराठी माणसाला तर हे नवे वाटायला नको होते. नारदीय कीर्तनाचा उत्तररंग ऐकणाऱ्याला आख्यान पाठ असते, आणि बुवा भरतभेटीशी जितके रेंगाळतील तितके ते त्याला हवे असते. त्याहून जवळचे उदाहरण 'गीतरामायणा'चे. 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे पहिले गीत प्रसारित झाले आणि आठवड्याला एक या गतीने वर्षभराहून अधिक काळात 56 गीते झाली. तेव्हाही लोक रेडिओभोवती जमत, रेडिओला हार घालत. 'रामायण' मालिकेच्या रविवारचा आराखडा मराठी घरांत बत्तीस वर्षे आधी घातला गेला होता. मात्र 'गीतरामायण' आज एकट्याने, कानाला यंत्र लावून ऐकले तरी उणे वाटत नाही. गीत मुळातच पुन्हा पुन्हा म्हणण्यासाठी असते आणि ते आपली लय आपल्यातच बाळगते. मालिकेची लय मात्र खोलीकडून उसनी घेतलेली होती. या मालिकेत आपली माणसेही थोडी नव्हती. चित्रीकरण महाराष्ट्राच्या हद्दीला लागूनच असलेल्या गुजरातमधल्या उंबरगावला झाले. दशरथ बाळ धुरी, कौसल्या त्यांच्याच पत्नी जयश्री गडकर, मंथरा ललिता पवार, भरत संजय जोग. तमाशापटांतून घराघरांत गेलेल्या जयश्रीबाई कौसल्या होऊन शांत बसलेल्या पाहणे हा त्या काळच्या प्रौढ प्रेक्षकासाठी वेगळाच अनुभव असणार. मुलांना तो कळत नव्हता. चाळिशीत पुन्हा पाहताना तो कळू शकतो, आणि पुन्हा पाहण्याचा खरा लाभ मला इथे दिसतो. दशरथाचा शोक लहानपणी कंटाळवाणा वाटला असेल. स्वत: आईबाप झालेल्या माणसाला बाळ धुरींचा तो थांबत थांबत खचत जाणारा म्हातारा असह्य होतो.

संथपणा रिवाजातून आला, या म्हणण्यावर पहिला आक्षेप पैशाचा. मालिका आधी 52 भागांची ठरली होती, ती लोकप्रियतेमुळे वाढवली. जाहिरातदार रांगेत उभे होते, मग प्रसंग ताणले तर त्यात रिवाज कसला? पैशाचा हिशेब खोटा नाही. पण नुसते ताणायचेच असते तर ते सगळीकडे सारखे ताणले गेले असते. या मालिकेत वेळ दिला गेला आहे तो वनवासाच्या निरोपाला, केवटाला, भरताच्या भेटीला, म्हणजे कथेकरी जिथे थांबत आले नेमके तिथे. जाहिरातदाराने वेळ विकत घेतला असेल. तो कुठे खर्च करायचा हे परंपरेने ठरवले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अरविंद राजगोपाल यांनी 2001 सालच्या आपल्या ग्रंथात या मालिकेचे आणि त्या काळात उभ्या राहिलेल्या हिंदुत्वाच्या राजकारणाचे नाते तपासले आहे. दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी, म्हणजे पडद्यावरची सीता आणि रावण, 1991 मध्ये दोघेही भारतीय जनता पक्षातर्फे लोकसभेवर निवडून गेले. तेव्हा एकत्र पाहण्याच्या त्या खोलीला नुसते गोड मानून चालणार नाही. सरकारी वाहिनीवरून एकाच धर्माची कथा देशाची कथा म्हणून सांगितली गेली आणि रामकथेची कितीतरी रूपे एका रूपाखाली झाकली गेली. हे मला मान्य आहे, आणि ते माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही. खोलीत जमलेल्या माणसांचे बळ मालिकेत मिसळलेले होते म्हणूनच ते राजकारणाला वापरता आले.

तिसरा आक्षेप 2020 च्या आकड्यांचा. रिवाज मोडला असेल तर 16 एप्रिल 2020 रोजी 7.7 कोटी लोकांनी मालिका पाहिली, हे कसे? दूरदर्शनने तो जागतिक विक्रम असल्याचा दावा केला होता. अमेरिकेत 1983 साली 'मॅश' मालिकेचा अखेरचा भाग दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला होता, त्यामुळे तो दावा टिकत नाही. पण आकडा लहान नाही. मात्र त्या तीन आठवड्यांत घरांचे काय झाले होते ते पाहा. कोणी कामाला जात नव्हते, कोणी शिकवणीला जात नव्हते, तीन पिढ्या एका छताखाली कोंडलेल्या होत्या आणि सकाळी नऊ, रात्री नऊ ही वेळ ठरलेली होती. रिवाजाची निम्मी हाडे सक्तीने पुन्हा जुळली होती. न जुळलेली दोन होती. शेजारी येऊ शकत नव्हता, कारण दार बंद ठेवणे हाच नियम होता. आणि मधला आठवडा नव्हता. 1987 मध्ये जी कथा दीड वर्ष चालली, ती 18 एप्रिलला, बावीस दिवसांत, संपली. पूर्वी राम वनात गेल्यावर मुलांना सहा दिवस शाळेत, नळावर, गल्लीत काठीची धनुष्ये करून तो वनवास खेळायला मिळत असे. 2020 मध्ये सकाळी निघालेला राम रात्री जेवणाच्या वेळी पुढच्या मुक्कामाला पोहोचलेला असे, आणि मधल्या बारा तासांत बाहेर पडायला अंगणही मोकळे नव्हते.