फ्लोराकची कचेरी

सरकारी दप्तरातला सर्वांत नीरस शब्द कोणता, असे कुणी विचारले तर मी बेलाशक ‘उपविभाग’ असे उत्तर देईन. जिल्ह्याला ऐट असते, गावाला जत्रा असते. मधल्या उपविभागाला असते ती एक कचेरी आणि तीत बसणारे प्रांतसाहेब. दिवाळी अंकात असला विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात कच्चे पोहे वाढण्यासारखे आहे. तरीही मी एका उपविभागाची हकीकत सांगणार आहे, आणि तीही दूर फ्रान्समधल्या. वाचकांनी थोडा धीर धरावा.

दक्षिण फ्रान्समध्ये लोझेर नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. फ्रान्सच्या मुख्य भूमीवर याहून विरळ वस्तीचा जिल्हा नाही. साऱ्या जिल्ह्यात मिळून सुमारे ७६,००० माणसे. त्याच्या दक्षिण भागाला फ्लोराकचा ‘आराँदिसमाँ’ म्हणतात. हाच तिकडला उपविभाग. त्यात जेमतेम १३,००० लोक राहतात, आणि ज्या फ्लोराक गावी कचेरी आहे त्याची वस्ती दोन हजारांच्या आसपास.

या मुलखात तीन जातींचे दगड एकत्र आले आहेत. उत्तरेस लोझेर डोंगराचा ग्रॅनाइट, पश्चिमेस चुनखडीची उघडी पठारे आणि दक्षिणेस सेवेनच्या डोंगरांतला पापुद्र्यापापुद्र्याने सुटणारा काळसर पत्थर. ज्या दगडावर गाव, त्याच दगडाचे घर. पठारावर मेंढ्या चरतात. सेवेनच्या उतारावर दगडी ताली घालून माणसांनी वीतवीत जमीन तयार केली. तिथे चेस्टनटला ‘भाकरीचे झाड’ म्हणत, कारण त्याची वाळवलेली फळे खाऊन पिढ्यान् पिढ्यांनी हिवाळे काढले. तुतीला ‘सोन्याचे झाड’ म्हणत. तिच्या पाल्यावर रेशमाचे किडे पोसले जात.

सेवेनमधली ही माणसे बहुतांशी प्रॉटेस्टंट. १६८५ साली चौदाव्या लुईने त्यांना धर्मस्वातंत्र्य देणारे नांतचे आज्ञापत्र रद्द केले. प्रार्थनामंदिरे पाडली गेली, धर्मोपदेशक देशोधडीला लागले. लोक रात्री रानात जमून प्रार्थना करू लागले. सापडले तर वल्ह्याच्या जहाजावर जन्माची सक्तमजुरी. २४ जुलै १७०२ च्या रात्री पों-द-मोंव्हेर या गावी एक जमाव स्तोत्रे गात आला. आबे द्यू शैला नावाच्या धर्माधिकाऱ्याने कोंडून ठेवलेली माणसे त्यांना सोडवायची होती. माणसे सुटली, शैलाचा मात्र खून झाला.

त्यातून पेटले ते कामिझारांचे बंड. त्यांचा एक पुढारी झाँ काव्हालिये पावाच्या भट्टीवर उमेदवारी केलेला पोरगा होता. अशा पोरांनी राजाच्या सेनापतींना दोन वर्षे झुंजवले. १७०३ च्या शरदात सरकारने या डोंगरातली साडेचारशेहून अधिक खेडी आणि वाड्या पद्धतशीर जाळल्या. १७०४ साली काव्हालियेने तह केला; पुढे तो इंग्रजांच्या चाकरीत शिरला.

पण राजाचा राग जिवंतांपुरता नव्हता. कॅथलिक विधी नाकारून मेलेल्याला दफनभूमीत जागा नव्हती. मग घरच्या लोकांनी आपला माणूस आपल्याच तालीत, चेस्टनटच्या सावलीत पुरला. १७८७ साली कायदा सौम्य होईपर्यंत शंभर वर्षे हे असेच चालले.

नंतर क्रांती झाली. १७९० मध्ये जुना जेव्होदाँ प्रांत मोडून त्याच्या जागी जिल्हा झाला आणि त्याला डोंगराचेच नाव मिळाले. १८०० साली नेपोलियनने फ्लोराकला उपविभागाची कचेरी बसवली. जिथे पूर्वीच्या सरकारने घरे जाळायला फौज धाडली होती, तिथे नव्या सरकारने एक खुर्ची, एक मेज आणि दौत मांडली. मला हा बदल लहान वाटत नाही.

मात्र कचेरी आली आणि माणसे जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेशमाच्या किड्यांवर रोग पडला. १८६५ साली खुद्द पाश्चर शेजारच्या आलेस गावी येऊन राहिला आणि त्याने उपाय शोधला. पण सोन्याच्या झाडाला पूर्वीचे दिवस आले नाहीत. तरुण खाणींकडे, शहरांकडे गेले. १९१४ च्या युद्धाने आणखी नेले. १८५१ साली लोझेर जिल्ह्यात १,४४,००० माणसे होती. आज त्यांतली निम्मीच उरली आहेत. १९२६ साली सरकारने काटकसरीसाठी देशभर शंभरावर उपविभाग मोडले. याच जिल्ह्यातले मार्व्हजोल फ्लोराकहून मोठे गाव, पण त्याची कचेरी गेली. डोंगरापलीकडच्या फ्लोराकची राहिली.

दुसऱ्या महायुद्धात ज्यूंची धरपकड सुरू झाली, तेव्हा या ओसाडलेल्या डोंगरांतल्या अनेक घरांनी त्यांना लपवले. पाठलाग म्हणजे काय, हे त्या घरांना आजोबांच्या गोष्टींतून ठाऊक होते. रिकाम्या खोल्याही तेव्हा पुष्कळ होत्या.

१९७० पासून इथे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याची कचेरीही फ्लोराकच्या जुन्या गढीत आहे. उन्हाळ्यात डोंगर हिंडायला पाहुणे येतात. वाटेत एखाद्या पडक्या घराशेजारी त्यांना दोनचार थडगी दिसतात. पूर्वी नाइलाजाने पडलेली ती चाल सेवेनच्या लोकांनी पुढे प्रेमाने जपली. आजही खाजगी जमिनीत दफन करायचे तर सरकारी परवानगी लागते. जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी कागद पाहून त्यावर सही करतो.

ज्या मातीत पुरणे ही एके काळी राजाने दिलेली शिक्षा होती, त्याच मातीत पुरण्याचा हक्क आता त्या कागदावर मिळतो. माणसे मोजून कचेरीची किंमत ठरवणाऱ्यांनी हा एक कागदही हिशेबात धरावा, एवढेच माझे म्हणणे आहे.