नाईक घाडगे यांच्या बाहीवरचा बिल्ला

माणगावजवळच्या नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या सेक्शनमधले सगळे जवान मशीनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे एकटे ठाण्यावर धावून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा टॉमीगन नळीकडून धरून त्यांनी शेवटचे दोघे तिच्याच घावांनी मारले. 'लंडन गॅझेट'मधले मानपत्र हे सांगते, पलटणही सांगते : 3/5 मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण. डिव्हिजन सांगत नाही. आणि बाहीवरचा कापडी बिल्ला असे तो डिव्हिजनचा.

संग्राहकांची गफलत इथेच होते. मार्च 1941 मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत हीच पलटण पाचव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती. त्या डिव्हिजनचे चिन्ह काळ्यावर लाल गोळा, 'बॉल ऑफ फायर'. (गोऱ्या शिपायांनी त्याला दिलेले नाव इथे छापता येणार नाही.) म्हणून 3/5 चा जवान म्हटला की लाल गोळा चिकटवायचा मोह होतो. पण मार्च 1944 मध्ये पाचवी डिव्हिजन आराकानहून विमानांनी इंफाळकडे हलवली गेली. जुलैत ती जपान्यांशी लढत होती, जर्मनांशी नव्हे. लाल गोळा बाद.

आठव्या डिव्हिजनचा बिल्ला, लालवर पिवळी तीन फुले, जास्त फसवा. ही डिव्हिजन इटलीतच होती आणि तिच्यात मराठेही होते. पण 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव 1/5 चे, म्हणजे त्याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे. रेजिमेंट एक, देश एक, म्हणून बिल्लाही एक, हे अनुमान टिकत नाही.

उरते दहावी डिव्हिजन. त्या उन्हाळ्यात 3/5 तिच्यातच टायबरच्या खोऱ्यात लढत होती. म्हणून घाडगे यांच्या गणवेशावर दहाव्या डिव्हिजनचेच चिन्ह असायला हवे, असा माझा निष्कर्ष. 'होते' म्हणत नाही. आघाडीवर ओळख लपवण्यासाठी बिल्ले काढलेही जात, आणि कागदावरून सिद्ध होतो तो फक्त हक्क.

बाजारात मिळणाऱ्या बिल्ल्यांत आणखी एक खोट आहे. लाल गोळा, चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड, सतरावीचे काळे मांजर ही चिन्हे स्वतंत्र भारताच्या सैन्यातही चालू राहिली. सातवीचा सोनेरी बाण तर भारत आणि पाकिस्तान दोन्हीकडे आहे. तेव्हा चित्र जुने म्हणून कापड जुने ठरत नाही. अतिनील दिव्याखाली धागा चमकला तर बहुधा युद्धानंतरचा. पण अलीकडच्या साबणात धुतलेला अस्सल बिल्लाही तसाच चमकतो.

घरात आजोबा-पणजोबांचा असा तुकडा असेल तर तो धुऊ नका, गणवेशावरून उसवू नका. आधी त्यांच्या सेवापुस्तकातला नंबर, पलटण आणि तारखा उतरवून घ्या.