माठातली अकरा अंडी

बुधवार, १८ मे २०१६, रात्री ९:४०

लातुरातलं आमचं पत्र्याचं घर. मधल्या खोलीत स्टुलावर परात, परातीत ओली वाळू, वाळूत रुतवलेला जुना माठ. माठ गळ्याशी फुटलेला, म्हणून तर त्यात डबा बसला. बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलेलं, तोंडावर ताटली. आतल्या डब्यात पिळून घेतलेलं कोकोपीट आणि त्यात अर्धी रुतलेली धामणीची अकरा अंडी. प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीची फुली, कारण सापानं अंडं घातल्यावर दिवसाभरात गर्भ वरच्या बाजूला चिकटतो. नंतर ते फिरवलं की आतलं पिल्लू गुदमरतं. कोंबडीच्या अंड्याला फिरवावं लागतं, सापाच्याला हलवायचंही नसतं.

अंडी २७ एप्रिलला औसा तालुक्यातल्या एका शिवारात सापडली. चारा छावणीसाठी कडब्याची गंजी उतरवत होते. तळाच्या पेंढ्या उचलल्या तशी धामण सरसरत बांधाकडे गेली आणि अंडी उन्हात उघडी पडली. एरवी अंडी जागेवरच झाकून यायची असतात, पण तिथं झाकायला काडी उरली नव्हती. वनखात्याला कळवून ती घरी आणली. पिल्लं निघाली की त्याच शिवारात नेऊन सोडायची, असं ठरलं होतं.

धामणीच्या अंड्यांना साधारण दोन महिने लागतात. २८ ते ३० अंश उष्णता आणि भोवती दमट हवा, एवढंच त्यांचं मागणं. एप्रिल-मेच्या मराठवाड्यात नेमकं हेच देता येत नाही. सोपा उपाय कूलरचा, पण कूलर दुपारपर्यंत ४० लिटर पाणी पितो. शहराला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलेलं. १२ एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, ५ लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. आमच्या गल्लीत टँकरचं घरटी २०० लिटर मिळायचं, तेही आठ-दहा दिवसांनी. त्यातलं ४० लिटर सापाच्या अंड्यांवर घालवायला मन धजत नव्हतं. माठाला मात्र दिवसाला दोन-तीन लिटर पुरायचं, तेही भाज्या धुतलेलं. तीन आठवडे त्या माठानं खोली ३८ वर असताना डबा २९ वर ठेवला होता.

आज रात्री ताटली काढून पाहिलं तर तीन अंडी वरून दबलेली. बोटानं चेंडू दाबावा तशी. सापाच्या अंड्याचं कवच चिवट, चामड्यासारखं असतं. भोवतीच्या ओलीतून ते पाणी शोषतं आणि ओल कमी पडली की असं खचतं. त्यावर इलाज साधा होता. डब्याच्या कडेनं चार चमचे कोमट पाणी सोडायचं, अंड्यावर थेंबही न पाडता. दोन दिवसांत खड्डा भरून येतो.

मी तेवढ्यावर थांबलो नाही. माठाला गोणपाटावरून प्लास्टिकचा कागद गुंडाळला आणि सुतळीनं आवळला. ओल आत राहील, शिवाय पाणीही वाचेल. पाणी वाचवणं त्या दिवसांत लातुरात सगळ्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं. थेंब वाया जातोय म्हटलं की हात आपोआप पुढं व्हायचा.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “माठाला कुणी कागद गुंडाळतं का रे? पाणी गार कसं हुईल?”

“पाणी कुठंय त्यात, आई? अंडी हैत.”

ती पुढं काही बोलली नाही. कागद आवळताना थर्मामीटरची वायर ओढली गेली, हे मला कळलं नाही. तिच्या टोकाचा सेन्सर डब्यातून निसटून माठाच्या पायाशी, परातीतल्या वाळूत जाऊन पडला होता. तिथवर कागद पोचत नव्हता.

रात्री १०:०५

आकडा २८.४. समाधानानं दिवा मालवला.

गुरुवार, १९ मे, पहाटे ४:५०

टँकर आला. घागरी, डबे, पिंप, सगळं घेऊन गल्ली रांगेत. परत येऊन आकडा पाहिला, २७.९. पहाटे खोलीच २९ वर असते. माठ काम करतोय की नाही, ते या वेळी ओळखताच येत नाही.

सकाळी ८:३०

शेजारी टीव्हीवर बंगाल, तमिळनाडू, केरळ, आसामचे निवडणूक निकाल सुरू झाले. आमच्याकडे पंखा फिरत होता, तोंड माठाकडं.

सकाळी १०:३०

खोली ३६, आकडा २८.१. नांदेडच्या मित्राला फोन केला. आम्ही दोघं बरोबरच साप वाचवण्याच्या कामात पडलो. नीलिमकुमार खैरेंनी १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढल्याचं आमच्या पिढीनं लहानपणी ऐकलेलं. सापाची भीती गेली ती तिथून. पण सापाला धरायचं कसं ते आम्ही आधी शिकलो आणि धरल्यावर त्याला जगवायचं कसं ते फार उशिरा. बरणीत घालून गाडीच्या डिकीत ठेवलेला साप मेमध्ये अर्ध्या तासात मरू शकतो, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. साप स्वतःचं अंग गार करू शकत नाही. त्याला घाम नाही, तो फक्त जागा बदलू शकतो. बरणीत, डब्यात, काचपेटीत आपण त्याची तीच एक सोय काढून घेतो. अंड्याला तर तेवढीही नसते.

मी कागदाची युक्ती सांगितली. तो म्हणाला, “डब्यात बोट घालून बघितलंस का?”

“आकडा दिसतोय की. उघडलं तर ओल जाईल.”

“बघ बाबा एकदा,” म्हणाला. मी बघितलं नाही.

सकाळी ११:१५

लाइट गेली. पंखा थांबला, शेजारचा टीव्हीही. गल्लीतून एकदम माणसांचे आवाज ऐकू यायला लागले.

दुपारी १२:४०

खोली ३९. या वेळी आत काय चाललं होतं ते मला नंतर नीट मांडता आलं, म्हणून इथंच सांगतो.

माठ गार राहतो तो पाण्यानं नव्हे, पाणी उडून जातं त्यानं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता त्याच्याबरोबर निघून जाते. एवढ्या उष्णतेत सात लिटर साधं पाणी उकळीला येईल. उन्हाळ्यातली आमची हवा इतकी कोरडी की ती गोणपाटातलं पाणी ओढून घेते आणि त्याबरोबर डब्यातली उष्णताही. ज्या कोरडेपणाला मी शिव्या देत होतो, त्याच्याच जिवावर अंडी तीन आठवडे जगली होती. कागद बांधला आणि ती वाट बंद झाली. गोणपाट ओलं होतं, चिंब होतं, पण त्यातलं पाणी जाणार कुठं? कागदाखालची हवा वाफेनं भरली आणि मग बाहेरच्या खोलीची उष्णता हळूहळू आत झिरपायला लागली. आर्द्रता मला हवी होती त्याहून चांगली होती. शंभर टक्के.

अलीकडे हाच घोळ वेगळ्या घरांत बघायला मिळतो. आपल्याकडचे साप पाळायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे आणि ती हवीच. परदेशी बॉल पायथन मात्र लोक ठेवतात. २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. पश्चिम आफ्रिकेतला हा साप दिवसा उंदरांच्या बिळात, वारुळात राहतो. पेटीची एक बाजू ३१-३२ अंश, दुसरी २६ च्या आसपास आणि आर्द्रता ५५ ते ६५ टक्के, असं त्याचं गणित. मे महिन्यात आर्द्रता २० वर उतरली की कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरची कात तशीच चिकटून राहते. मग घाबरून मालक जाळीच्या झाकणावर प्लास्टिक पसरतो, तेही वरचा दिवा चालू ठेवून. असा एखादा फोन आला की मला माझा माठ आठवतो. मी आधी विचारतो, वाफ बाहेर जायला जागा ठेवली का, आणि सेन्सर नेमका कुठं आहे.

दुपारी २:००

आईनं परातीतल्या वाळूवर तांब्याभर पाणी शिंपडलं. दर तीन तासांनी ती न चुकता शिंपडायची. वाळू उघडी होती, तिथलं पाणी झपाट्यानं उडत होतं, वाळू गार होत होती आणि त्या गार वाळूत सेन्सर पडलेला होता. माझ्या आईच्या प्रत्येक तांब्यानं आकडा खाली येत होता.

दुपारी ३:२५

लाइट आली. खोली ४१. आकडा २६.९.

मी पहिल्यांदा आनंदलो. मग तसाच उभा राहिलो. पहाटे खोली २९ असताना २७.९ आणि आत्ता ४१ असताना २६.९? पंखा बंद असताना, कागद बांधलेला असताना? गार व्हायचं तर कुठलं तरी पाणी उडायला हवं होतं, आणि मी तर ते बांधून ठेवलं होतं.

वायरीवर बोट ठेवलं आणि बोट पुढं सरकवत गेलो. ते ताटलीकडं जायला हवं होतं. ते कागदाच्या कडेनं खाली गेलं आणि ओल्या वाळूत शिरलं.

दुपारी ३:३०

सुतळी कापली. कागद सुटला तशी भाताच्या पातेल्याचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. डब्याच्या झाकणाला आतून थेंब लोंबकळत होते. तीनही दबलेली अंडी टम्म भरून आली होती, सुरेख पांढरी. सेन्सर कोकोपीटमध्ये खोवला. आकडा चढायला लागला. ३३. ३५. ३७. थांबला ३७.८ वर.

आई मागं येऊन उभी राहिली. आकडे तिला वाचता येतात. ती म्हणाली, “आधी वारा दे त्यांना.”

संध्याकाळी ५:२०

थंड पाणी ओतायचं नव्हतं, त्या धक्क्यानं उरलंसुरलंही गेलं असतं. डब्याचं झाकण काढलं, पंखा जवळ ओढला, गोणपाटावर सकाळच्या टँकरचं पाणी, चांगलं पिण्याचं पाणी, दोन तांबे ओतलं. उघडा माठ पुन्हा पाझरायला लागला. ३१.६ व्हायला जवळजवळ दोन तास गेले. नांदेडला फोन केला. मित्र काही बोलला नाही, नुसता लाइनवर थांबला.

रात्री १०:००

खोलीत अंधार केला. बॅटरीवर मूठ धरून, बारीक उजेड अंड्याच्या बुडाशी लावून एकेक बघायला सुरुवात केली, अंडं न उचलता. जिवंत अंडं आतून गुलाबी दिसतं. लाल धाग्यांचं जाळं पसरलेलं असतं, आणि बाविसाव्या दिवशी डोळे रोखून बघितलं तर त्या जाळ्याच्या मध्ये एक ठिपका धडधडताना दिसतो. रविवारी मी अकराही मोजले होते.

पहिलं पिवळट. जाळं होतं, पण रंग तपकिरी झालेला, धागे जागोजागी तुटलेले. दुसरं तसंच. तिसऱ्यापाशी मी पाच मिनिटं थांबलो. सातव्यात धागे लाल होते. ठिपका दिसला नाही, पण लाल होते. अकराव्यात ठिपका होता. फार हळू, मधेच अडखळत, पण होता.

शुक्रवार, २० मे, पहाटे ५:४०

रात्रभर तिथंच बसून होतो. राजस्थानात फलोदीला काल पारा ५१ वर गेल्याची बातमी आली. आमची खोली २९.५. सेन्सर दोऱ्यानं डब्याला बांधला आहे, टोक कोकोपीटमध्ये, आकडा २८.३. बोट घालूनही बघितलं.

नऊ अंडी बाजूला काढून कापडावर ठेवली आहेत. वनखात्यात जाऊन सांगायचं आहे, कसं झालं ते जसंच्या तसं. आईनं कालचा प्लास्टिकचा कागद घडी घालून सरपणाच्या ढिगावर ठेवला, पावसाळ्यात लागेल म्हणून.

सातव्यात आता ठिपका दिसतो. अकराव्यातला कालच्यापेक्षा भरभर चालला आहे.