दाराची कडी आणि खोटा बसथांबा

उतारवयात स्मृती गेली की माणसाची पावले घराबाहेर वळतात, हे पुष्कळ जणींनी पाहिले असेल. तिन्हीसांजा झाल्या की राहत्या घरात बसूनच "मला घरी जायचे आहे" असा धोशा सुरू होतो. आपण त्याला म्हातारचळ म्हणून मोकळ्या होतो. पण अशा माणसांना सांभाळणाऱ्या परदेशच्या संस्थांनी त्यांना कसे आवरले, ती हकीकत ऐकण्याजोगी आहे.

१९०१ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात आउगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई आणली गेली. तुमच्याआमच्यासारखीच गृहिणी, नवरा रेल्वेत नोकरीला. तिला स्वतःच्या घरात वाट सापडेना, वस्तू उचलून भलतीकडे लपवून ठेवी. डॉ. अल्झायमर यांनी तिचे दुखणे बारकाईने टिपले आणि १९१० मध्ये त्या रोगाला त्यांचेच नाव मिळाले. रोगाला नाव मिळाले खरे, पण फार अस्वस्थ झाली की तिच्या वाट्याला एकटी खोलीच येई. १९०६ मध्ये ती तेथेच वारली.

पुढे खोलीच्या जोडीला खुर्ची आली. अमेरिकेतील शुश्रूषागृहांतून वृद्धांना पट्ट्याने खुर्चीला नाहीतर पलंगाला बांधून ठेवीत. विचारले तर म्हणत, पडतील, हरवतील. तेही खोटे नव्हे. परंतु बांधलेले माणूस आखडते, पाठीला जखमा होतात. सुटण्याच्या धडपडीत पट्ट्यात अडकून काही दगावलेही. अखेर १९८७ मध्ये कायदा झाला की, शिस्तीसाठी किंवा नोकरांच्या सोयीसाठी कोणालाही बांधू नये.

मग जाणाऱ्याला थोपवायचे कसे? मला सर्वांत नवल वाटले ते जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या बेनराथ भागातील वृद्धगृहाचे. तेथली माणसे घरी जायला निघत आणि शोधायला पोलिसांना बोलवावे लागे. तेव्हा वृद्धगृहापुढेच एक बसथांबा उभारला. बाक खरे, हिरव्यापिवळ्या रंगाची पाटी खरी, बस मात्र कधीच येत नाही! कालपरवाचे विसरले तरी तरुणपणी पाहिलेली ती पाटी त्यांना ओळखू येते. निघालेली आजी तेथे जाऊन शांत बसते. जरा वेळाने परिचारिका येऊन म्हणते, "बसला उशीर आहे, तोवर कॉफी घेऊ या." आत येईतो आजी निघाल्याचेच विसरलेली असते. २००८ च्या सुमारास या थांब्याचा सगळीकडे बोलबाला झाला. ही फसवणूक आहे, असे काही म्हणतात. रडत्या मुलाला आपण चांदोबा दाखवतो, तसलीच ती. म्हातारे माणूस मूल नव्हे, हेही खरे. पण पट्ट्यापेक्षा ती मला शंभर पटींनी बरी वाटते.

हॉलंडात ॲमस्टरडॅमजवळ वेस्प येथे २००९ मध्ये याहून पुढची पायरी गाठली. स्मृती गेलेल्यांसाठी तेथे होगेवेक नावाची वस्ती बांधली. सुरुवातीला २३ घरे, एकेका घरात सहासात जण. मध्ये रस्ते, बाग, दुकान, उपाहारगृह. परिचारिका साध्या कपड्यांत वावरतात. हवे तेथे भटकावे. वेशीचे दार मात्र एकच आणि तेथे राखणदार. भिंत आहेच, पण ती दूर नेली आहे. याला पैसा लागतो, आणि हॉलंडात १९६८ पासून अशा शुश्रूषेसाठी सक्तीचा सरकारी विमा आहे. आपल्याकडे बहुतेक घरी सूनच परिचारिका आणि सूनच राखणदार. दुधाला जायचे झाले तरी ती सासूबाईंना आत ठेवून बाहेरून कडी लावते.